वेब व्ह्यूमधला पत्ता बदलला, हे ॲपला कळणार कसं?

दादरच्या एका पोळीभाजी केंद्रासाठी आम्ही ॲप केलं होतं. मेन्यू, थाळ्या, पत्ता भरण्याचं पान, पैसे भरणं हे सगळं वेबवर तयारच होतं, म्हणून ॲपमध्ये वेब व्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत वेबपान दाखवणारी चौकट, टाकून तीच पानं दाखवली. ॲपचं स्वतःचं काम इतकंच: वरच्या पट्टीत शीर्षक दाखवायचं, मागे जायचं बटण सांभाळायचं आणि पैसे भरून झाले की हिरवी खूण दाखवून ऑर्डर स्वयंपाकघरात पाठवायची. चौथ्या दिवशी दुपारी केंद्र चालवणाऱ्या काकूंचा फोन आला. "अरे, सात डबे गेले आणि तिघांचे पैसेच आले नाहीत. एक बाई म्हणतात, ॲपमध्ये हिरवी खूण बघितली म्हणून मी फोन ठेवून दिला. आता मी कोणाला खोटं म्हणू?"

चूक माझी होती. पत्त्यात 'सक्सेस' हा शब्द दिसला की पैसे आले, असं मी लिहून ठेवलं होतं. कार्डाने पैसे भरणाऱ्यांना मधे एक जास्तीचं पान लागायचं, आणि त्या पानाच्या पत्त्यातच प्रश्नचिन्हापुढे दोन परतीचे पत्ते जोडलेले असायचे: पैसे भरले तर इकडे पाठवा, नाही भरले तर तिकडे. म्हणजे पान नुसतं उघडलं तरी 'सक्सेस' हा शब्द हजर. ॲपने तो पाहिला, पान बंद केलं, हिरवी खूण दाखवली. त्या बाई खरंच बोलत होत्या आणि काकूही.

त्या दिवसापासून पत्ता बदलण्याचा हा सगळा विषय मी मुळापासून तपासला. अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर काय करावं लागतं, ते इथे क्रमाने देतो. फंक्शनांची नावं देवनागरीत, वाचायला सोपी जावीत म्हणून सुटी करून लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती सलग टाइप करायला लागलात की पूर्ण नाव पुढे येतं.

पायरी १: तुम्हाला नेमकं काय हवंय?

'पत्ता बदलला' ही एकच घटना नाही. दादर स्टेशनवर इंडिकेटरला विरार फास्ट लागली म्हणजे गाडी फलाटावर आली असं होत नाही, आणि गाडी आली म्हणजे आपण आत चढलो असंही नाही. वेब व्ह्यूचं तसंच आहे. आधी कुठेतरी जायची मागणी होते. मग लोडिंग सुरू होतं. मग सर्व्हरकडून उत्तर आल्यावर जुनं पान जाऊन नवं पान पक्कं होतं, याला कमिट म्हणतात. शेवटी पान पूर्ण भरतं. शिवाय पाचवा प्रकार म्हणजे पान बदलतच नाही, फक्त पत्ता बदलतो.

यातला कोणता क्षण हवा, हे कामावर ठरतं. ग्राहकाला कुठे जाण्यापासून अडवायचं असेल तर मागणीचा क्षण हवा. वरच्या पट्टीत पत्ता किंवा शीर्षक दाखवायचं असेल तर पक्कं झाल्याचा. कोणत्या पानांवर लोक फिरतात याची नोंद ठेवायची असेल तर पान न बदलता झालेला बदलही पकडावा लागतो. एकाच फंक्शनात ही तिन्ही कामं कोंबली की पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात, हे मी अनुभवावरून सांगतो.

पायरी २: आधी फक्त नोंद करा

कोणताही निर्णय कोडमध्ये लिहिण्याआधी एक दिवस नुसतं बघा. अँड्रॉइडवर 'वेब व्ह्यू क्लायंट' या क्लासातल्या पाच जागा ओव्हरराइड करा, म्हणजे तिथे आपलं फंक्शन लिहा: 'शुड ओव्हरराइड यूआरएल लोडिंग', 'ऑन पेज स्टार्टेड', 'ऑन पेज कमिट व्हिजिबल', 'ऑन पेज फिनिश्ड' आणि 'डू अपडेट व्हिजिटेड हिस्टरी'. प्रत्येकीत वेळ, फंक्शनचं नाव आणि पत्ता एवढंच लॉगमध्ये लिहा.

आमच्या ॲपमध्ये हे केल्यावर जे दिसलं ते असं. ॲपने मेन्यूचं पान स्वतः उघडलं तेव्हा 'स्टार्टेड' आलं, 'हिस्टरी' आलं, 'फिनिश्ड' आलं, पण 'शुड ओव्हरराइड'चं नाव नाही. मग मी वऱ्हाडी थाळीवर बोट ठेवलं. पडद्यावर थाळीचं पान आलं, पत्ता बदलला आणि लॉगमध्ये एकच ओळ पडली, 'डू अपडेट व्हिजिटेड हिस्टरी'ची. बाकी चौघं गप्प. शीर्षक बदलायचं काम मी 'ऑन पेज फिनिश्ड'मध्ये ठेवलं होतं, त्यामुळे वरच्या पट्टीत शेवटपर्यंत 'मेन्यू'च दिसत राहिला होता.

लॉगमध्ये पूर्ण पत्ता मात्र फक्त स्वतःच्या चाचणीच्या फोनवर लिहा. प्रश्नचिन्हापुढच्या भागात मोबाइल क्रमांक, टोकन, ऑर्डरचे तपशील काहीही असू शकतं. ग्राहकांच्या फोनवरून गोळा होणाऱ्या नोंदीत होस्ट (साइटचं नाव) आणि पाथ (त्यापुढचा पानाचा भाग) पुरेसा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटाबद्दलचा २०२३चा कायदा आहेच, पण तो नसता तरी दुसऱ्याची माहिती आपण साठवून ठेवायचं कारण नाही.

पायरी ३: अँड्रॉइडवर अडवणं

पहिली गोष्ट: वेब व्ह्यूला 'वेब व्ह्यू क्लायंट' जोडलाच नाही, तर लिंकवर बोट ठेवल्यावर वेब व्ह्यू ती लिंक उघडायला योग्य ॲप शोधायला सांगतो आणि बहुतेक वेळा बाहेरचा ब्राउझर उघडतो. नवखे लोक इथेच अडखळतात. साधा, रिकामा क्लायंट जोडला तरी लिंका आत उघडायला लागतात.

अडवायची जागा 'शुड ओव्हरराइड यूआरएल लोडिंग'. 'ट्रू' परत केलं की वेब व्ह्यू ते पान उघडत नाही, 'फॉल्स' केलं की नेहमीसारखं पुढे जातं. अजूनही अनेक ठिकाणी उलटं लिहिलेलं दिसतं: आतून 'लोड यूआरएल' करून तोच पत्ता पुन्हा द्यायचा आणि 'ट्रू' परत करायचं. असं करू नका. चालू असलेलं लोडिंग विनाकारण तोडून पुन्हा सुरू होतं. पान तसंच जाऊ द्यायचं असेल तर नुसतं 'फॉल्स'.

या फंक्शनची दोन रूपं आहेत. नुसता पत्ता स्ट्रिंग म्हणून देणारं जुनं रूप एपीआय २४ला, म्हणजे अँड्रॉइड ७च्या वेळी, मागे पडलं. नव्या रूपात 'वेब रिसोर्स रिक्वेस्ट' मिळते आणि तिला तीन उपयोगी प्रश्न विचारता येतात: ही मागणी मुख्य फ्रेमसाठी आहे का, हे रीडायरेक्ट, म्हणजे सर्व्हरने दुसऱ्या पत्त्यावर वळवणं, आहे का, आणि ग्राहकाने खरंच बोट लावलं होतं का. मुख्य फ्रेमचा प्रश्न कधीच चुकवू नका. हे फंक्शन पानातल्या छोट्या आयफ्रेमसाठीही, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानासाठीही, येऊ शकतं. नकाशाची आयफ्रेम लोड झाली आणि ॲपला वाटलं ग्राहक दुसऱ्याच साइटवर गेला, असं होऊन बसतं.

आता या फंक्शनला काय दिसत नाही ते लक्षात ठेवा. ॲपने स्वतः 'लोड यूआरएल' करून दिलेला पहिला पत्ता इथे येत नाही. पान न बदलता झालेला बदल येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोस्ट पद्धतीने, म्हणजे माहिती पत्त्यात न घालता, पाठवलेला फॉर्म येत नाही. पैशाच्या बाबतीत हे फार नडतं, कारण बँकेच्या ओटीपीच्या पानावरून दुकानाच्या पानावर परत येताना अनेकदा फॉर्म पोस्ट होतो. परतीचा पत्ता फक्त 'शुड ओव्हरराइड'मध्ये शोधत बसलात, तर तो कधीच सापडत नाही आणि ग्राहक पांढऱ्या पानावर अडकून राहतो. परतीचा पत्ता पकडायचा तर 'ऑन पेज स्टार्टेड'मध्येही बघा. ते मुख्य फ्रेमच्या प्रत्येक लोडला एकदा येतं, पद्धत गेट असो वा पोस्ट.

'शुड इंटरसेप्ट रिक्वेस्ट'चा मोह काहींना होतो, कारण त्यात सगळं दिसतं. सगळं म्हणजे प्रत्येक चित्र, प्रत्येक फाँट, प्रत्येक स्क्रिप्ट. शिवाय ते मुख्य थ्रेडवर (ॲपचा पडदा सांभाळणाऱ्या कामाच्या धाग्यावर) चालत नाही, आणि तिथून वेब व्ह्यूला 'गेट यूआरएल' विचारलं तर चुकीच्या थ्रेडवरून बोलावल्याची तक्रार करून ॲप कोसळू शकतं. पत्ता कळण्यासाठी ही जागा नाही.

पायरी ४: पान तेच, पत्ता नवा

रिॲक्ट, व्ह्यू, अँग्युलर वापरून केलेल्या साइटी एकदाच लोड होतात. पुढे जावास्क्रिप्ट आतला मजकूर बदलते आणि 'हिस्टरी डॉट पुश स्टेट' करून पत्ता बदलते. नेटवर्कवर नवं पान मागितलंच जात नाही, म्हणून सुरू झालं, संपलं असं काही घडतच नाही. हॅशची (#) खूण असलेल्या पत्त्यांत आणखी एक गंमत: 'ऑन पेज फिनिश्ड' येऊ शकतं, पण त्याचा जोडीदार 'ऑन पेज स्टार्टेड' येत नाही. सुरू झालं की गोल फिरणारं चक्र दाखवायचं, संपलं की लपवायचं, असा हिशेब मोजून ठेवला असेल तर तो इथे चुकतो.

अँड्रॉइडवर याचं सरळ उत्तर 'डू अपडेट व्हिजिटेड हिस्टरी' हेच आहे. नाव ऐकून ते इतिहासाच्या कामाचं वाटतं, म्हणून लोक त्याकडे बघत नाहीत. 'पुश स्टेट', 'रिप्लेस स्टेट', हॅश, नेहमीचं पान, या सगळ्यांसाठी ते येतं. सोबत 'इज रीलोड' हा झेंडाही मिळतो. मागे जायचं बटण चालू ठेवायचं की बंद, हे ठरवायलाही हीच जागा उत्तम: इथे 'कॅन गो बॅक' विचारा आणि मागे जाण्याच्या कॉलबॅकचं, म्हणजे घटना घडली की बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनचं, 'इनेबल्ड' त्यानुसार बदला. आमच्या ॲपमध्ये थाळीच्या पानावरून मागे गेलं की थेट ॲपच बंद व्हायचं, ते एवढ्या एका बदलाने थांबलं.

एक पथ्य पाळा. तोच पत्ता लागोपाठ दोनदा येऊ शकतो, आणि काही साइटी शोधाच्या चौकटीत प्रत्येक अक्षर टाइप होताना 'रिप्लेस स्टेट' करतात. मागचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, बदलला असेल तरच पुढे जा. या फंक्शनच्या आतून 'लोड यूआरएल' करू नका. फिरून फिरून तिथेच येण्याची वेळ येते.

पायरी ५: आयफोनवर

आयफोनवर 'डब्ल्यूके वेब व्ह्यू' वापरा, तो २०१४ साली आयओएस ८बरोबर आला. जुना 'यूआय वेब व्ह्यू' वापरणारी नवी ॲप्स ॲप स्टोअरने एप्रिल २०२०पासून घेणं बंद केलं, तरी जुन्या कोडमध्ये तो अधूनमधून सापडतो. सापडला तर पत्ता पकडायच्या भानगडीत न पडता आधी तो बदला.

इथे अडवायची जागा म्हणजे नेव्हिगेशन डेलिगेटमधलं (वेब व्ह्यू ज्याला विचारून पुढे जातो त्या ऑब्जेक्टमधलं) 'डिसाइड पॉलिसी फॉर नेव्हिगेशन ॲक्शन'. अँड्रॉइडपेक्षा हे उदार आहे: ॲपने स्वतः उघडलेला पहिला पत्ता, पोस्ट केलेला फॉर्म, आयफ्रेम, सगळं यात येतं. त्यामुळे 'टार्गेट फ्रेम' मुख्य आहे का हे तपासणं इथे दुप्पट गरजेचं. 'टार्गेट फ्रेम' निल (रिकामी) असेल तर लिंक नव्या खिडकीत उघडायची आहे. यूआय डेलिगेटमध्ये ती सांभाळली नाही, तर ग्राहक बोट लावत राहतो आणि काहीच घडत नाही. या फंक्शनला एक 'डिसिजन हँडलर' मिळतो, तो प्रत्येक वाटेवर नेमका एकदाच बोलवावा लागतो. एखाद्या 'इफ'च्या फांदीत विसरलात तर ॲप कोसळतं, दोनदा बोलवलात तरी कोसळतं. मी हल्ली निर्णय आधी एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि हँडलर फंक्शनच्या शेवटी एकाच ठिकाणी बोलावतो.

पान न बदलता 'पुश स्टेट'ने झालेला बदल मात्र या डेलिगेटला कळत नाही. त्यासाठी वेब व्ह्यूच्या 'यूआरएल' या प्रॉपर्टीवर केव्हीओने (की-व्हॅल्यू ऑब्झर्व्हिंग, प्रॉपर्टी बदलली की कळवणारी सोय) नजर ठेवायची. स्विफ्टमध्ये 'ऑब्झर्व्ह' करून मिळणारं टोकन क्लासच्या प्रॉपर्टीत साठवा. फंक्शनमधल्या तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये ठेवलंत तर फंक्शन संपताच नजर ठेवणं थांबतं आणि तुम्ही दोन तास डोकं धरून बसता. 'टायटल' आणि 'कॅन गो बॅक' यांच्यावरही असंच लक्ष ठेवता येतं, म्हणजे वरची पट्टी आणि मागचं बटण दोन्ही सुटतात.

केव्हीओने मिळणारा पत्ता पान पक्कं होण्याआधीही बदलू शकतो. नेट गेलं तर ग्राहक जुन्याच पानावर राहतो, पण तुमच्या पट्टीत नवा पत्ता येऊन गेलेला असतो. म्हणून पट्टी केव्हीओवर चालवा, पण 'ग्राहक या पानावर पोचला' असं काही ठरवायचं असेल तर 'डिड कमिट'ची वाट बघा. आणि पानाची प्रक्रिया कोसळली तर 'यूआरएल' निलही होऊ शकतो. तो ऑप्शनल आहे तो उगाच नाही, जबरदस्तीने उघडू नका.

फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह

फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह म्हणजे एकाच कोडमधून दोन्ही फोनांची ॲप्स करायची साधनं. फ्लटरच्या 'वेबव्ह्यू फ्लटर' पॅकेजमध्ये नेव्हिगेशन डेलिगेटवर अडवण्यासाठी 'ऑन नेव्हिगेशन रिक्वेस्ट' आणि बदल कळण्यासाठी 'ऑन यूआरएल चेंज' आहे. दुसऱ्याच्या पोटात अँड्रॉइडवर व्हिजिटेड हिस्टरी आणि आयफोनवर केव्हीओच आहे, म्हणून वर सांगितलेले सगळे गुणदोष इथेही लागू. 'इनॲप वेबव्ह्यू'ची जुनी आवृत्ती वापरत असाल तर अडवण्याचं फंक्शन नुसतं लिहून चालत नाही, सेटिंगमध्ये ते वापरायचं आहे असं वेगळं चालू करावं लागतं. रिॲक्ट नेटिव्हमध्ये अडवायला 'ऑन शुड स्टार्ट लोड विथ रिक्वेस्ट' आणि कळायला 'ऑन नेव्हिगेशन स्टेट चेंज'. एका पानाच्या साइटींसाठी मात्र तिथे मी पानात स्क्रिप्ट घालतोच, कारण दोन्ही फोनांवर सारखं वागणं मला त्यातूनच मिळालं.

पायरी ६: पानात स्क्रिप्ट घालायची वेळ आली तर

नेटिव्ह कॉलबॅक पुरत असतील तर या वाटेला जाऊ नका. जायचंच असेल तर ध्यानात घ्या की 'पुश स्टेट' आणि 'रिप्लेस स्टेट' केल्यावर पानात कोणतीही घटना उडत नाही. 'पॉप स्टेट' उडतं ते मागे-पुढे जाताना. म्हणून ती दोन फंक्शनं गुंडाळावी लागतात: मूळ फंक्शन बाजूला ठेवायचं, त्याच्या जागी आपलं बसवायचं, त्यात मूळ बोलवून मग ॲपला निरोप द्यायचा. जोडीला 'पॉप स्टेट' आणि 'हॅश चेंज' ऐकायचं. नव्या क्रोमियममध्ये, म्हणजे २०२२च्या क्रोम १०२पासून, 'नेव्हिगेशन' नावाचं ऑब्जेक्ट आहे आणि त्यावर 'नेव्हिगेट' ही घटना थेट ऐकता येते, पण जुन्या फोनांसाठी गुंडाळणं ठेवावंच लागतं.

ही स्क्रिप्ट साइटच्या स्क्रिप्टच्या आधी चालली पाहिजे. 'ऑन पेज फिनिश्ड'मध्ये ती घालणं उशिराचं आहे; तोवर साइटच्या राउटरने (पत्ते सांभाळणाऱ्या कोडने) मूळ फंक्शन स्वतःकडे धरून ठेवलेलं असू शकतं. आयफोनवर 'डब्ल्यूके यूजर स्क्रिप्ट' डॉक्युमेंटच्या सुरुवातीला आणि फक्त मुख्य फ्रेमसाठी लावा. अँड्रॉइडवर 'अँड्रॉइडएक्स वेबकिट'मध्ये 'ॲड डॉक्युमेंट स्टार्ट जावास्क्रिप्ट' आहे.

निरोप कसा येतो, हे त्याहून महत्त्वाचं. 'ॲड जावास्क्रिप्ट इंटरफेस'ने दिलेलं ऑब्जेक्ट पानातल्या प्रत्येक फ्रेमला दिसतं, जाहिरातीच्या आयफ्रेमलाही, आणि निरोप कोणी पाठवला हे ॲपला कळत नाही. त्याऐवजी 'ॲड वेब मेसेज लिसनर' वापरा: कोणत्या ओरिजिनला, म्हणजे कोणत्या साइटला, बोलायची परवानगी आहे ते आधी सांगता येतं, आणि निरोप आला की तो कुठून आला तेही मिळतं. आयफोनवर मेसेज हँडलर कंट्रोलरकडे घट्ट धरून ठेवला जातो, त्यामुळे स्क्रीन बंद झाली तरी मेमरीतून जात नाही. निघताना तो काढून टाका.

पायरी ७: यूपीआय आणि वेब नसलेले पत्ते

आपल्याकडे ही पायरी टाळताच येत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली यूपीआय आणलं, आणि आज पैशाच्या पानावर 'यूपीआय ॲपने भरा' हे बटण असतंच. त्या बटणामागचा पत्ता 'एचटीटीपीएस'ने नव्हे, 'यूपीआय'ने सुरू होतो आणि त्यात घेणाऱ्याचा आयडी, रक्कम, संदर्भ क्रमांक असतात. वेब व्ह्यूला ही स्कीम, म्हणजे पत्त्याची अशी सुरुवात, माहीत नाही. अडवली नाही तर ग्राहकाला अनोळखी यूआरएल स्कीम अशी इंग्रजी चूक दिसते आणि काकूंना फोन येतो.

अँड्रॉइडवर 'शुड ओव्हरराइड'मध्ये स्कीम बघा. 'यूपीआय', 'टेल', 'मेलटू' असेल तर इंटेंट (दुसऱ्या ॲपला दिलेली मागणी) करून बाहेर पाठवा आणि 'ट्रू' परत करा. कोणतं ॲप आहे हे आधी 'रिझॉल्व्ह ॲक्टिव्हिटी'ने तपासायला गेलात, तर अँड्रॉइड ११पासून मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) 'क्वेरीज' लिहिल्याशिवाय उत्तर रिकामं येतं, फोनवर तीन यूपीआय ॲप्स असली तरी. सरळ 'स्टार्ट ॲक्टिव्हिटी' करा आणि ॲप न सापडल्याची चूक पकडून 'या फोनवर यूपीआय ॲप नाही' असं मराठीत सांगा.

'इंटेंट' स्कीमचे पत्ते जास्त जपून हाताळा. पानाने दिलेला इंटेंट जसाच्या तसा चालवला, तर कुणीही परकं पान तुमच्या ॲपच्या आतल्या, बाहेरून न उघडणाऱ्या स्क्रीनपर्यंत पोचू शकतं. 'पार्स यूआरआय' केल्यावर 'ब्राउझेबल' कॅटेगरी जोडा, कंपोनंट आणि सिलेक्टर दोन्ही नल करा, मगच सोडा.

आयफोनवर 'डिसाइड पॉलिसी'मध्ये 'कॅन्सल' करून 'ओपन' बोलवा. एकच स्कीम अनेक ॲप्सनी नोंदवली असेल तर कोणतं उघडेल याचा भरवसा ॲपल देत नाही, म्हणून तिथे ग्राहकाला त्याचं ॲप आपणच निवडू देणं बरं.

पायरी ८: पत्ता ओळखावा कसा

माझी चूक इथलीच होती. पत्ता म्हणजे स्ट्रिंग नव्हे. 'कंटेन्स', 'स्टार्ट्स विथ' यांनी पत्ता तपासायचा नाही, तो पार्स करून स्कीम, होस्ट आणि पाथ वेगळे घ्यायचे आणि प्रत्येक नेमका जुळवायचा. समजा आपलं ठिकाण 'डबा डॉट एक्झाम्पल' आहे. 'डबा डॉट एक्झाम्पल डॉट चोर डॉट टेस्ट' हा पत्ता आपल्याच नावाने सुरू होतो, पण घर चोराचं आहे. 'ॲट'च्या खुणेआधी आपलं नाव लिहून पुढे चोराचं होस्ट लावलं तरी तसंच. सबडोमेन चालवायचे असतील तर शेवट जुळवताना आधीचा टिंबही धरा, नाहीतर 'खोटाडबा डॉट एक्झाम्पल'लाही दार उघडं.

मराठी पत्त्यांचा आणखी एक पेच आहे. पाथमध्ये 'थाळी' लिहिलं असेल, तर चार चिन्हांच्या त्या शब्दाची पत्त्यात टक्क्याच्या खुणांसकट छत्तीस अक्षरं होतात, कारण देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ ८मध्ये तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट तीन अक्षरांत लिहिला जातो. अँड्रॉइडच्या 'यूआरआय'चा 'गेट पाथ' ते उलगडून देतो, आयफोनवर 'ॲब्सोल्यूट स्ट्रिंग' उलगडत नाही. उलगडूनही 'वऱ्हाडी' जुळेलच असं नाही. त्यातला ऱ एकाच कोडने लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता असा दोन कोडनी. दिसायला तंतोतंत सारखा, पण तुलना केली तर वेगळा. जुळवण्याआधी दोन्ही बाजू युनिकोडच्या एनएफसी रूपात, म्हणजे शक्य तिथे एकाच कोडच्या रूपात, आणा. आमच्या ॲपमध्ये वऱ्हाडी थाळी वगळता सगळ्या थाळ्यांचं शीर्षक बरोबर यायचं, आणि कारण हेच निघालं. डोमेन 'डॉट भारत'वर असेल तर होस्ट देवनागरीत न येता 'एक्सएन'ने सुरू होणाऱ्या प्युनीकोडमध्ये (त्याच नावाच्या इंग्रजी अक्षरांतल्या रूपात) येऊ शकतो. यादीतही तो तसाच ठेवा.

पायरी ९: पैसे आले की नाही

परतीचा पत्ता कितीही नेमका जुळवला तरी तो एवढंच सांगतो की ग्राहक परत आला. पैसे आले का, हे सर्व्हरला विचारा. सर्व्हरला ते पेमेंट गेटवेकडून थेट कळतं. आमच्या ॲपमध्ये आता परतीचा पत्ता दिसला की 'तपासतोय' अशी पाटी येते, ऑर्डर क्रमांक सर्व्हरकडे जातो, आणि सर्व्हरने हो म्हटलं तरच हिरवी खूण. काकूंच्या स्वयंपाकघरातला पडदा ॲपकडून नव्हे, सर्व्हरकडून ऑर्डर घेतो.

लॉगिनचंही असंच एक पथ्य. दुसऱ्या कंपनीच्या खात्याने लॉगिन करायचं असेल तर ते वेब व्ह्यूत करून पत्त्यातून कोड उचलायचा, ही पद्धत सोडा. ऑक्टोबर २०१७च्या आरएफसी ८२५२ने (इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने) नेटिव्ह ॲपना ते मनाई केलं आहे आणि गूगल अशी लॉगिन नाकारतं. कारण सरळ आहे, वेब व्ह्यू ज्याच्या हातात त्याला पासवर्डही दिसू शकतो. अँड्रॉइडवर कस्टम टॅब, आयफोनवर 'एएस वेब ऑथेंटिकेशन सेशन' वापरा. त्यांच्यात पत्ता बघता येत नाही, तसं मुद्दामच केलेलं आहे. परतीचा पत्ता ॲपच्या स्वतःच्या लिंकमधून येतो.

पायरी १०: चाचणी

अँड्रॉइडवर वेब व्ह्यूचं डीबगिंग चालू करून संगणकावरच्या क्रोममधून आतलं पान तपासता येतं. आयफोनवर आयओएस १६.४पासून 'इज इन्स्पेक्टेबल' स्वतः चालू करावं लागतं. दोन्ही फक्त चाचणीच्या बिल्डमध्ये.

ऑफिसच्या वायफायवर सगळं चालतं, म्हणून खरी चाचणी मी लोकलमध्ये करतो. संध्याकाळी दादरहून विरारच्या गाडीत उभ्याने, एका हाताने, नेट येत-जात असताना पैसे भरायचे. तिथेच मला कळलं की यूपीआय ॲप उघडलं की कमी मेमरीच्या फोनवर मागे राहिलेलं आपलं ॲप सिस्टीम मारून टाकते. पिन टाकून ग्राहक परत येतो तेव्हा वेब व्ह्यू नवा असतो, जुना पत्ता गेलेला असतो, आणि कोणताही कॉलबॅक येत नाही. कधी पूर्ण ॲप जात नाही, फक्त पानाची प्रक्रिया जाते. अँड्रॉइडवर 'ऑन रेंडर प्रोसेस गॉन' सांभाळलं नसेल तर तीही ॲपला घेऊन जाते. म्हणून बाहेरच्या ॲपकडे पाठवण्याआधी ऑर्डर क्रमांक फोनवर साठवायचा, आणि ॲप पुन्हा समोर आलं की तो क्रमांक आधी सर्व्हरला विचारायचा. वेब व्ह्यूत कोणता पत्ता उघडायचा, हे त्या उत्तरानंतर ठरतं.